वरच्या वाचनखोलीचा ठिपका

१

यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या दोन्ही गुडघ्यांची शपथ घेऊन सांगते, उजव्याची जरा कमी, कारण तो हल्ली माझं ऐकत नाही. मी थापा मारते अशी एक अफवा आमच्या घरात कायम फिरत असते. मफलर चाळीस हात लांब झाला असं मी म्हटलं की लोक लगेच हात मोजायला लागतात. मोजू देत. ही गोष्ट मात्र जशी घडली तशी सांगते आहे.

तर गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता आमच्या जेवणाच्या टेबलावरून एक खोली नाहीशी झाली.

चष्मा नाहीसा होतो, कात्री नाहीशी होते, माझा एक दात असाच गेला तो आजतागायत सापडलेला नाही. पण अख्खी खोली? चार खिडक्यांची, अकरा टेबलांची, शहराच्या वाचनालयातली वरच्या मजल्यावरची वाचनखोली?

नीट सांगते. माझी एकुलती एक नात, तिला मी भिंगरी म्हणते, कारण लहानपणापासून तिला एका जागी बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. अशी मुलगी मोठी होऊन काय करते, तर लोकांनी कुठे बसावं याचं ॲप बनवते. नाव 'टेकू'. मी 'बूड टेका' सुचवलं होतं, ते तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ज्यांचं ऑफिस म्हणजे एक लॅपटॉप, अशा माणसांनी शहरात कुठे जाऊन काम करावं हे ते ॲप सांगतं. वाचनालय, बागेतला मंडप, संग्रहालयाचा हॉल, स्टेशनातली वाट बघायची खोली. नकाशावर प्रत्येक जागेचा एक हिरवा ठिपका. त्यावर बोट ठेवलं की कळतं, प्लग आहे का, नेट मिळतं का, गोंगाट किती, स्वच्छतागृह कुठे, आणि उठवतात का. हा शेवटचा प्रश्न माझा. माणसाला मऊ खुर्ची नसली तरी चालते, कुणी येऊन 'आता उठा' म्हणणार नाही एवढं कळलं की तो निवांत होतो.

मी या ॲपची खुर्ची-तपासनीस. पगार नाही, रुबाब आहे. मी जागेवर जाते, खुर्चीत बसते आणि मफलर विणायला घेते. पाठ दुखेपर्यंत जितक्या ओळी होतील तितके त्या जागेला गुण. स्टेशन, सहा ओळी. संग्रहालय, एकोणीस. लोक हसतात, पण ॲपमध्ये सगळ्यात जास्त तेच बघतात.

पुढच्या आठवड्यात मी कुठे कुठे जाणार ती यादी भिंगरी दर रविवारी जेवताना वाचून दाखवते. त्या रविवारी टेबलावर आम्ही चौघं होतो. मी, भिंगरी, तिच्याबरोबर ॲप बनवणारा प्रोग्रामर, आणि माझी सूनबाई, म्हणजे भिंगरीची आई. मुलगा जहाजावर असतो, तो सहा महिन्यांनी उगवतो. प्रोग्रामर उन्हाळ्यातही डोक्यावरची टोपी काढत नाही, म्हणून मी त्याला टोपडेराव म्हणते. यादी अशी होती: सोमवारी बाग, मंगळवारी संग्रहालय, बुधवारी स्टेशन, गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी अकरा वाजता वाचनालयाची वरची खोली.

आणि गुरुवारी सकाळी भिंगरीने नकाशा उघडला, तर त्या खोलीचा ठिपकाच नव्हता.

२

टोपडेरावांनी खटाखट काहीतरी दाबलं आणि म्हणाले, कुणी पुसलेला नाही, नियमाने गेलाय.

नियम असा. एखादी जागा बंद असेल तर तिथे गेलेला माणूस ॲपवर कळवू शकतो. पण त्याच जागेवर उभा असला तरच. घरी लोळत पडून कळवता येत नाही, फोन कुठे आहे ते ॲप तपासतं. आणि तीन वेगवेगळ्या दिवशी तीनदा 'बंद' आलं, की ठिपका आपोआप जातो. सोमवार, मंगळवार, बुधवार, रोज बाराच्या ठोक्याला एकेक निरोप आला होता. तिन्ही निरोप टोपडेरावांनी वाचून दाखवले, मी मफलरच्या नमुन्याच्या कागदामागे लिहून घेतले.

पहिला: दार बंद आहे. आत पंख्याची घरघर.

दुसरा: आजही बंद. लांबून घड्याळाचे टोले.

तिसरा: बंदच. जिन्यावर पावलं, मग शांतता.

टोपडेराव म्हणाले, पाच मिनिटं द्या, कुठल्या फोनवरून आले ते काढतो. भिंगरीने लॅपटॉप पटकन मिटला, त्यांची बोटं सापडता सापडता राहिली. कोण कुठे बसतं हे टेकू कधीही लक्षात ठेवत नाही, असं पहिल्याच पानावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. एकदा आपणच डोकावलं तर ते वाक्य खोडावं लागेल, म्हणाली. टोपडेराव म्हणाले, मग मी ठिपका हाताने परत लावतो. ती म्हणाली, लावशील, आणि हाच माणूस पुन्हा काढेल. तो कोण आणि का, हे कळल्याशिवाय बाकीच्या ठिपक्यांवर तरी कुणी का विश्वास ठेवावा?

हे सगळं ती इतकं हळू आवाजात बोलत होती की मला शंका आली. घरात तशी ती ओरडूनच बोलते. मी विचारलं, खरं काय ते सांग.

तेव्हा कळलं. वाचनालयाच्या समितीला ती वरची खोली नकोशी झाली होती. रोज आठ-नऊ माणसं येणार, त्यांच्यासाठी पंखे कशाला फिरवायचे? जुने कागद ठेवायला गोदाम करू, असं ठरत होतं. भिंगरीने दोन महिने मागून घेतले. टेकूमुळे रोजची माणसं पंचवीसच्या वर गेली तर खोली राहील आणि सगळ्या वाचनालयांसाठी समिती टेकू घेईल. नाही गेली तर गोदाम. शनिवारी अकरा वाजता समिती स्वतः येऊन माणसं मोजणार होती. तिची दोन वर्षांची मेहनत त्या मोजणीवर टांगलेली.

"हे तू घरी कुणालाच का सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं की शहराला कळतं, आजी. आणि आईला सांगितलं की तुला कळतं."

सूनबाई तेव्हा न्हाणीघरात केस धूत होती, साडेदहाला तिचा पोहण्याचा वर्ग असतो. भिंगरीने मला बजावलं, आईच्या कानावर घालायचं नाही, ती उगाच काळजी करते. मी शपथ घेतली. कसली ते आता आठवत नाही.

मग मी चपला घालायला गेले, आणि आठवलं की गुरुवारी माझी सुट्टी. सुट्टीच्या दिवशी मी दुपारी झोपते. चोर कुठे पळून जात नव्हता. तो रोज बाराच्या ठोक्याला त्याच जागेवर हजर असणारा माणूस होता.

३

तीन वाजता मी वाचनालयात पोचले. खाली ग्रंथपाल बाई बसतात. त्यांचा चेहरा असा, की पुस्तकंही जागच्या जागी सरळ उभी राहतात. लॅपटॉपवाल्यांबद्दल त्या एकदा म्हणाल्या होत्या की हे लोक पुस्तकाला हातही लावत नाहीत. म्हणून माझा पहिला संशय त्यांच्यावर.

मी विचारलं, या आठवड्यात वरची खोली बंद होती का. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. रोज नऊ ते सहा, एक मिनिट इकडे तिकडे नाही. मग माणसांची वही पुढे केली. सोमवार एकतीस, मंगळवार तीस, बुधवार सत्तावीस. आज दुपारपर्यंत अकरा. ते अकरा सांगून बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, त्या खोलीत मी बावीस वर्षांपूर्वी कामाला लागले. लोक पुस्तक वाचत नाहीत हे खरं, पण बसतात तरी. गोदामात कोण बसणार? त्यांचा फोन बघितला तर बटणांचा, त्यात ॲप काय, घड्याळही नीट मावत नव्हतं.

म्हणजे खोली उघडी होती आणि कुणीतरी तिथेच राहून ती बंद असल्याचं कळवलं होतं.

समोर कॉफीचं दुकान आहे. खोली नकाशावरून गेली तर तिथले लोक कॉफीवाल्याकडे येणार, म्हणून दुसरा संशय त्याच्यावर. हा माणूस माझ्यासमोर जवळजवळ रडला. म्हणाला, आजी, एक कॉफी घेतात आणि चार तास बसतात, वर प्लग मागतात, आज सकाळपासून सगळे इकडेच लोटलेत, तुमच्या नातीला सांगा त्यांना परत वर पाठव. शिवाय दहापासून दोनपर्यंत तो मशीनपासून हलत नाही. दुकानातल्या सगळ्यांनी तसं सांगितलं, काहींनी न विचारताच.

मग मी जिना चढले. बत्तीस पायऱ्या, माझ्या गुडघ्याच्या हिशेबाने तीनशे. जिना संपतो त्या वरच्या चौकात उभी राहून दार बाहेरून ओढून घेतलं आणि दाराला कान लावला. जाड लाकूड, आतला पंखा काही ऐकू येईना. दार उघडून आत गेले. दारापाशी नाही, मधल्या टेबलांपाशीही नाही. फक्त टोकाच्या खिडकीजवळच्या टेबलावर, अगदी त्या पंख्याखाली बसले, तेव्हा कुठे घरघर ऐकू आली.

निरोप देणारा दाराबाहेर नव्हता, या खुर्चीत होता.

शेजारच्या टेबलावर एक लांब बोटांचा माणूस वर्तमानपत्र वाचत होता. तो पियानो सुरात लावून देतो, बोलावणं येईपर्यंत इथे बसतो. कान इतके तयार, की मी विणत होते तर म्हणाला, तुमची एक सुई वाकडी आहे. झालं, मला वाटलं चोर सापडला. मी सहज विचारलं, या पंख्याची घरघर फार होते नाही? त्याने तोंड वाकडं केलं. घरघर म्हणू नका त्याला, म्हणाला, स्वच्छ सूर आहे, फक्त अर्धी पट्टी उतरलेला. आणि मंगळवारी तो दुसऱ्या शहरात एका शाळेचा पियानो लावत होता. तिथल्या बाईंनी दिलेली चिठ्ठी खिशातच होती.

उठता उठता मी विचारलं, सकाळी या खुर्चीत कोण बसतं?

एक बाई, म्हणाला. मोठे हेडफोन लावून डोळे मिटून ऐकतात, मग भराभर टाइप करतात. साडेदहानंतर येतात, एकला दहा कमी असताना जातात. चेहरा त्याने पाहिला नव्हता, तो खिडकीकडे पाठ करून बसतो.

४

संध्याकाळी जेवायला पुन्हा चौघंच. भिंगरी घास नुसता फिरवत होती. टोपडेराव टोपीत आणखी खोल गेले होते. खरं तर माझ्या मनात त्यांच्याबद्दलही होतंच, कारण त्यांनी नियमातच एक भोक ठेवलं होतं. एका दिवशी एका फोनवरून एकच निरोप, इतकं त्यांनी बांधलं होतं. पण तोच फोन दुसऱ्या दिवशी पुन्हा चालत होता. तीन निरोपांना तीन माणसं लागतच नव्हती, एक चिकट माणूस पुरे. मी हे जेवतानाच बोलले असते, पण तोंडात घास होता. कधी कधी असंही नशीब असतं.

मी कागद मांडीवर ठेवून ते तीन निरोप परत वाचत होते. आमच्या ॲपवर लोक शेकड्यांनी निरोप लिहितात. खुर्ची डुगडुगते, भिंत पिवळी आहे, प्लग टेबलामागे आहे. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. या तिन्हींत दिसणारी वस्तू एकच, बंद दार, आणि तेवढंच खोटं. बाकी पंख्याची घरघर, घड्याळाचे टोले, पावलं. खोटं बोलतानाही या माणसाला कानावर पडलेलं लिहिल्याशिवाय राहवत नव्हतं. ही हौस नव्हती, ही सवय होती, रोजच्या कामाची.

तेवढ्यात बाहेर रस्त्यावर कुणाची तरी सायकल थांबली. आमच्या कुणाचं लक्ष नव्हतं. सूनबाई मला वाढता वाढता, स्वतःशीच, ओठांतल्या ओठांत म्हणाली:

"सायकलचा ब्रेक. मग शांतता."

आणि डाव ताटात रिकामा करून आत निघून गेली.

मी तो कागद घडी करून कमरेला खोचला. भिंगरीने विचारलं, आजी, तिखट लागलं का? मी हो म्हटलं.

मागच्या गॅलरीत जाऊन पोहण्याची पिशवी उघडली. टॉवेल घडीचा, कोरडा, साबणाच्या पावडरीचा वास अजून ताजा. तळाशी हेडफोन. आणि मला स्वतःचीच लाज वाटली. तीन महिने ही बाई रोज सकाळी केस धुऊन, वाळवून, मग पोहायला जाते आहे, आणि जगातल्या सगळ्यांच्या भानगडी ओळखणारी मी, मला यात काही खटकलंच नाही.

जुळवायचं ते सगळं जुळलं. ठिपका दोन महिने सुखात होता, गडबड सोमवारी सुरू झाली, म्हणजे रविवारी यादी ऐकलेल्या चौघांपैकीच कुणीतरी. भिंगरी आणि टोपडेराव रोज त्या वेळी याच टेबलावर समोरासमोर बसून भांडत होते, शिवाय नुकसान त्यांचंच. मी बागेत, संग्रहालयात आणि स्टेशनात. उरली एक.

कोण ते कळलं. पण आपल्याच लेकीच्या कामावर तिने पाणी का ओतावं, हे काही केल्या उलगडेना.

५

शुक्रवारी सूनबाई पिशवी घेऊन निघाली. मी जरा मागून, माझ्या वेगाने. अकराला वरच्या चौकात पोचले. आत गेले नाही. जिन्याच्या कडेला एक बाक आहे, त्यावर बसले आणि दोन तास विणत राहिले. एक शब्द बोलले नाही. दार उघडझाप होई तेव्हा ती टोकाच्या खिडकीपाशी दिसे. डोळे मिटलेले, हात वर धरलेला, जणू कुणीतरी गाणार आहे. मग बोटं चालायची. घरी तिला मी कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. खरं तर घरी तिला बसलेलंच फार पाहिलं नव्हतं.

एकला दहा कमी असताना ती बाहेर आली, मला पाहिलं, आणि दचकली नाही. शेजारी येऊन बसली.

मग तिने सांगितलं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी चित्रपटातलं बोलणं आणि आवाज पडद्याखाली लिहायचे, असं काम तिला मिळालं होतं. दार वाजलं तर दार वाजलं, कुणी हुंदका दिला तर हुंदका, सगळं लिहायचं. तीन महिने तात्पुरतं. शेवटचा दिवस आजचा. आज पाठवलेलं काम पसंत पडलं तर कायमचं.

मी विचारलं, घरी चार खोल्या आहेत, मग इथे का?

"घरी आवाज आला की मला उठावं लागतं, आई. इथे आवाज आला की मी फक्त लिहिते."

माझ्या सुईवरून एक टाका सुटला. लिहून ठेवा, असं वर्षातून एकदा होतं.

आणि लपवलं का, तेही तिने सांगितलं. मागे एकदा तिने शिकवण्या घेतल्या होत्या. सुरू झाल्या त्या दिवशी मी अख्ख्या इमारतीला सांगितलं, पंधरा दिवसांत बंद पडल्या तेव्हाही सांगितलं, आणि दुसऱ्यांदा जरा जास्त रंगवून. या वेळी तिने ठरवलं, नक्की होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. रविवारी यादीत शुक्रवार अकरा वाजता ही खोली ऐकली, म्हणजे नेमक्या तिच्या शेवटच्या दिवशी मी तिथे टपकणार. म्हणून तीन निरोप. ठिपका आठवडाभर गेला तर मी दुसरीकडे जाईन, पुढच्या आठवड्यात ती स्वतःच 'उघडी आहे' म्हणून कळवणार होती. एवढंच.

"तुला माहीत आहे का शनिवारी इथे काय आहे?" मी विचारलं.

तिला माहीत नव्हतं. कसं असणार, माझ्या भीतीने लेक आईशी बोलत नव्हती आणि आई लेकीशी. शपथ मोडून मी तिला समितीचं, पंचवीसचं आणि गोदामाचं सांगितलं. तिच्या हातातली पिशवी जिन्यावरून दोन पायऱ्या खाली गेली, तिने उचलली नाही.

मी म्हटलं, घाबरू नकोस, तुझं नाव यात येणार नाही. निरोप एकाच माणसाचे आहेत एवढं मी त्यांना सांगते. एका फोनचे तीन निरोप एकच धरा म्हटलं की ठिपका आपणहून परत येईल. कोण होतं ते कुणी बघायलाही जाणार नाही, तसा नियमच आहे तुझ्या लेकीचा. आणि मी या वेळी गप्प बसेन.

ती दोन पायऱ्या उतरली आणि पिशवी उचलून घेतली.

"नको," म्हणाली. "तिचं काम मी बुडवत होते. ते मलाच तिला सांगितलं पाहिजे."

६

घरी आल्यावर तिने केस बांधले, टेबलापाशी गेली आणि भिंगरीसमोर उभ्यानेच सांगून टाकलं. ते तीन निरोप माझे. का, तेही सांगितलं. मी दाराआडून बघत होते. टोपडेरावांनी तेवढ्यात उठून पाणी प्यायला जाण्याचा शहाणपणा केला.

भिंगरी चिडेल असं मला वाटलं होतं. ती आधी लाल झाली, मग पांढरी, मग कितीतरी वेळ आईकडे नुसती बघत राहिली. आईकडे इतक्या वेळ बघायला तिलाही कधी सवड झाली नसावी. शेवटी तिने खुर्ची ओढली, आईला बसवलं, आणि आपली जाड वही उघडली, ज्यात ती अनोळखी लोकांना प्रश्न विचारून उत्तरं लिहिते.

"आई, ॲपमध्ये काय असतं तर तू 'बंद' लिहिलं नसतंस?"

सूनबाईने विचार केला. म्हणाली, मला खोली बंद व्हायला नकोच होती. मला फक्त एक माणूस एक दिवस यायला नको होतं. पण तुझ्याकडे सांगायला दुसरी जागाच नव्हती. उघडं किंवा बंद, एवढंच.

भिंगरीने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. त्या दुपारी दोन बदल झाले. एका जागेबद्दल एका फोनचं मत एकदाच धरायचं. आणि तपासनीस यायच्या आधी दोन दिवस त्या जागेच्या पानावर दिवस आणि वेळ लिहायची. तिथे बसणाऱ्यांपैकी एकानेही 'आज नको' म्हटलं तर तपासनीस दुसरीकडे जाईल, का ते विचारणार नाही. टोपडेरावांनी पहिला बदल केला आणि यंत्राने पुन्हा मोजलं. तिनाचा एक झाला. चार वाजून पाच मिनिटांनी ठिपका हिरवा झाला. आम्ही चौघं त्या ठिपक्याकडे असं बघत होतो, जसं पाळण्यात बघतात.

शनिवारी अकराला समिती आली. शुक्रवारची माझी राहिलेली फेरी तेव्हाच ठेवली होती, सूचना या खेपेला एकाच दिवसाची, पण मी गेले नव्हते. पानावर 'आज नको' असं कुणीतरी लिहिलं होतं आणि मी विचारलं नाही. ग्रंथपाल बाईंनी नंतर सांगितलं. समितीचे तिघं दारात उभे राहून मोजत होते. तेविसावर गाडी अडली. बाईंनी किल्ल्या इतक्या घट्ट धरल्या की तळव्यावर वळ उठले. मग जिन्यावरून सूनबाई आली, ती चोविसावी. तिला त्या दिवशी काम नव्हतं, पण टोकाच्या खुर्चीत जाऊन बसली. आणि तिच्यामागून कॉफीवाल्याने आपल्या दुकानातून हाकललेले सात जण, लॅपटॉप काखेत घेऊन. एकतीस. गोदाम दुसरीकडे शोधा, असं समितीने वहीत लिहिलं आणि सह्या केल्या.

सूनबाईचं काम कायम झालं. तिने घरी सांगितलं, मी कुणालाही सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं ते मोजायचं नाही.

आता एक कबूल करते, नाहीतर गुडघा रात्री झोपू देणार नाही. त्या शुक्रवारी जिन्याजवळच्या बाकावर मी दोन तासांत एक शब्द बोलले नाही, असं सांगितलं ना, ते खोटं. बाकी सगळं खरं. मी वर जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलले. कुणाच्या पाठदुखीवर उपाय सांगितला, एका मुलीचं लग्न जवळपास ठरवलं, आणि पियानोवाल्याला माझ्या गाण्याची एक ओळ म्हणून दाखवली. म्हणूनच तर सूनबाई मला बघून दचकली नाही. तिला सव्वाअकरापासून माहीत होतं.

आणि सवय ती सवय. तिने त्या दिवशी पाठवलेलं काम पसंत तर पडलं, पण बरोबर कंपनीची एक शंका आली. चित्रपट समुद्रातल्या ओसाड बेटावरचा, त्यात एकच माणूस आणि एक होडी. मग चाळिसाव्या मिनिटाला पडद्याखाली 'दाराबाहेर सासूबाई. बोलणं सुरूच.' असं का लिहिलं आहे?